तळच्या दोन ओळी आणि एक अंगाई

परभाषेतील चित्रपट तळाशी छापलेल्या ओळी वाचत पाहावा लागणे, हा प्रकार आम्हाला मुळीच प्रिय नाही. चित्रपट ही पाहण्याची आणि ऐकण्याची कला. तिच्यात वाचनाचे काम शिरले की नजर सारखी खाली ओढली जाते, आणि आपण ओळ संपवून वर पाहीपर्यंत नटीच्या चेहऱ्यावर जे घडायचे ते घडून गेलेले असते. त्यातही या ओळी बहुधा इंग्रजीत असतात. पात्राचे दुःख स्पॅनिश, ते वाचायचे इंग्रजीत आणि मनात उमगून घ्यायचे मराठीत! इतके वळसे घेऊन आलेले दुःख घशाखाली उतरेपर्यंत पुढचा प्रसंग सुरू झालेला असतो. घरात वडीलधाऱ्यांचा चष्मा सापडत नाही, लहानांना तेवढ्या वेगाने वाचता येत नाही. सबटायटलचा चित्रपट लावला की अर्धे घर हळूच उठून जाते, हा अनुभव आमच्या अनेक वाचकांना असेल.

अद्भुतरम्य चित्रपटाच्या बाबतीत तर ही तक्रार दुप्पट खरी ठरते. जिथे झाडाच्या पोटात राक्षसी बेडूक बसला आहे आणि खडूने रेखलेल्या चौकटीतून दार उघडते आहे, तिथे डोळ्यांना क्षणभरही दुसरीकडे पाठवणे म्हणजे नुकसानच. असे असूनही सबटायटलसह दोनदा पाहिलेल्या आणि दोन्ही वेळा मनापासून आवडलेल्या एका चित्रपटाविषयी आम्ही येथे लिहीत आहोत. आमची नावड पुरती गेली असा दावा नाही. परंतु हा चित्रपट त्या तळच्या ओळींसहच पाहावा, त्यांच्यावाचून पाहू नये, असे आमचे ठाम मत झाले आहे, आणि त्या मताची कारणे चित्रपटाच्या आशयातच सापडतात.

चित्रपटाचे नाव 'एल लाबेरिंतो देल फाउनो'. मेक्सिकोचे दिग्दर्शक गिलेर्मो देल तोरो यांनी तो २००६ साली स्पॅनिशमध्ये केला. त्याच वर्षी तो कान महोत्सवात दाखवला गेला. पुढे २००७ च्या ऑस्कर समारंभात छायालेखन, कलादिग्दर्शन आणि रंगभूषा यांसाठीची तीन पारितोषिके त्याने मिळवली. परभाषिक चित्रपटाचे पारितोषिक मात्र त्या वर्षी एका जर्मन चित्रपटाकडे गेले. देल तोरो यांचा जन्म १९६४ चा, मेक्सिकोतील ग्वादालाहारा शहरातला. त्यांच्या बालपणावर कडक कॅथलिक आजीची छाया होती आणि पुढे ते चर्चपासून दूर गेले, हे त्यांनी स्वतःच सांगितले आहे. ही पार्श्वभूमी ध्यानात ठेवलेली बरी, कारण चित्रपटात ती पदोपदी जाणवते.

कथा १९४४ सालच्या स्पेनमध्ये घडते. १९३६ ते १९३९ चे यादवी युद्ध संपून जनरल फ्रँको यांची हुकूमशाही स्थिरावली आहे, पण डोंगरातल्या रानात काही बंडखोर अजून लढत आहेत. त्यांना निपटण्यासाठी एका जुन्या गिरणीत तळ ठोकून बसलेल्या कॅप्टन विदालकडे त्याची गर्भवती पत्नी कार्मेन येते. सोबत तिच्या पहिल्या पतीची मुलगी ओफेलिया. पुस्तकांत रमणाऱ्या या मुलीला गिरणीजवळच्या प्राचीन चक्रव्यूहात एक फाउन भेटतो. फाउन म्हणजे रोमन पुराणातला अर्धा माणूस, अर्धा बोकड असा वनदेव. तू पाताळाच्या राजाची हरवलेली कन्या आहेस, पौर्णिमेपूर्वी तीन कामगिऱ्या पार पाडल्यास तर आपल्या घरी परतशील, असे तो तिला सांगतो. एकीकडे त्या तीन कामगिऱ्या आणि दुसरीकडे गिरणीतली क्रूर माणसांची दुनिया, अशा दोन धारांनी कथा वाहते.

भाषांतराची गडबड शीर्षकापासूनच सुरू होते. इंग्रजीत हा चित्रपट 'पॅन्स लॅबिरिंथ' या नावाने ओळखला जातो. पॅन हा ग्रीक पुराणातला विशिष्ट देव. आपला फाउन पॅन नव्हे, हे दिग्दर्शकांनी स्पष्ट केले आहे. म्हणजे पहिल्याच पाटीवर इंग्रजी वाचक चुकीच्या वाटेला लागतो! सबटायटलविषयीची आमची तक्रार निराधार नाही, याचा हा घरचाच पुरावा. देल तोरो यांनाही तिची जाणीव असावी. त्यांच्या आधीच्या 'द डेव्हिल्स बॅकबोन' (२००१) या स्पॅनिश चित्रपटाच्या इंग्रजी ओळींनी त्यांचे समाधान झाले नव्हते. म्हणून या चित्रपटाच्या इंग्रजी ओळी त्यांनी स्वतःच लिहिल्या.

हे काम किती अवघड असते ते पाहा. एका वेळी फार तर दोन ओळी, एका ओळीत चाळिसाच्या आसपास अक्षरे, आणि त्या पडद्यावर टिकणार काही सेकंद. पात्र जे बोलते त्यातले बरेचसे गाळावेच लागते. शिवाय काही गोष्टी त्या भाषेत मावतच नाहीत. फाउन ओफेलियाशी जुन्या दरबारी धाटणीच्या आदरार्थी स्पॅनिशमध्ये बोलतो. इंग्रजीला लहानथोर सर्वांसाठी एकच सर्वनाम, त्यामुळे तो आदर तळच्या ओळीत दिसत नाही. मराठीत 'तू', 'तुम्ही' आणि 'आपण' अशा तीन पायऱ्या आहेत. एखाद्या मराठी अनुवादकाने फाउनच्या तोंडी 'आपण' घातले असते, तर एका अनाथ पोरीला पहिल्यांदाच कोणीतरी मान देत आहे, हे आमच्या शेजारच्या आजींनाही क्षणात कळले असते. स्पॅनिश चित्रपटाला इंग्रजीपेक्षा मराठी ओळी अधिक शोभतील, हा विचार आम्हाला त्या प्रसंगी प्रथम सुचला.

गंमत अशी की या फाउनचा मूळ आवाजही उसना आहे. ही भूमिका डग जोन्स या अमेरिकन नटाने केली. त्याला स्पॅनिश येत नव्हते. त्याने स्वतःचे संवाद घोकून पाठ केले, आणि आपले वाक्य नेमके कोठे घ्यायचे हे कळावे म्हणून ओफेलियाचेही पाठ केले. पुढे पाब्लो आदान या स्पॅनिश नटाने त्याला आवाज दिला. न समजणारी भाषा ओठांनी अचूक उच्चारणारा तो नट आणि न समजणारी भाषा कानांनी ऐकणारे आम्ही प्रेक्षक, एकाच नावेतले प्रवासी म्हणायचे!

मग अशा अपुऱ्या ओळी वाचत चित्रपट का पाहावा? कारण त्या ओळी मूळ आवाज पुसून टाकत नाहीत. तो त्यांच्या डोक्यावर जिवंत राहतो, आणि ओळ जिथे थांबते तिथून आपला कान पुढे जातो. याची तीन उदाहरणे देतो.

पहिले उदाहरण एका शब्दाचे. कॅप्टनला 'वडील' म्हणून हाक मार, अशी गळ आई ओफेलियाला घालते. तो नुसता एक शब्द आहे, असे समजावते. ओफेलिया ती हाक मारत नाही. तळच्या ओळीत येथे साधा इंग्रजी शब्द आहे, पण कानावर पडतो तो 'पाद्रे'. वसईपासून गोव्यापर्यंतच्या आमच्या वाचकांच्या कानाला हा शब्द परका नाही. स्पॅनिश आणि पोर्तुगीज या सख्ख्या बहिणी. पोर्तुगिजांच्या 'पाद्रे'चाच आपण 'पाद्री' केला. जन्मदाता आणि धर्मगुरू या दोघांना एकाच शब्दाने हाक मारणाऱ्या समाजात तो शब्द कोणाला द्यावा आणि कोणाला देऊ नये, हा साधा प्रश्न नाही. ओफेलियाचा मृत पिता शिंपी होता, आणि तो शब्द तिने त्याच्यासाठी राखून ठेवला आहे. हे सारे दोन ओळींत कोण मावविणार? पण कान ते टिपतो.

दुसरे उदाहरण असह्य आहे. अडखळत बोलणारा एक बंडखोर पकडला जातो. न अडखळता तीनपर्यंत मोजून दाखवलेस तर सोडून देतो, असे कॅप्टन त्याला सांगतो. तो एक म्हणतो, दोन म्हणतो, आणि तिसऱ्या अंकाच्या पहिल्या अक्षरावर त्याची जीभ अडते. तेथे तळाला काय छापले आहे हे आम्ही पाहिलेही नाही. माणसाची जीभ अडखळण्याला भाषांतर लागत नाही. दुसऱ्या कोणा नटाने मागाहून नक्कल करून भरलेला आवाज तेथे असता, तर तो प्रसंग मेला असता.

तिसरे उदाहरण अंगाईचे. कॅप्टनच्या घरी काम करणारी मेर्सेदेस गुप्तपणे बंडखोरांना मिळालेली आहे. ओफेलिया तिला अंगाई गायला सांगते. एकच येते, पण तिचे शब्द आठवत नाहीत, असे मेर्सेदेस म्हणते. शब्द नसले तरी चालेल, मला ऐकायची आहे, असे मुलगी म्हणते, आणि मेर्सेदेस नुसती गुणगुणते. हाविएर नावारेते यांनी रचलेल्या त्या सुरावटीभोवती साऱ्या चित्रपटाचे संगीत विणलेले आहे. त्या वेळी पडद्याचा तळ रिकामा असतो. वाचून थकलेले आमचे डोळे पहिल्यांदाच मोकळे होतात आणि वर पाहतात. सबटायटलशिवाय पाहणाऱ्या स्पॅनिश प्रेक्षकाला ही विश्रांती मिळाली नसेल. ती आमच्यासारख्या नाखूश वाचकांच्याच वाट्याची!

आता डबिंगविषयी. मूळ आवाज काढून त्या जागी आपल्या भाषेतला आवाज भरणे सोयीचे असते, हे आम्ही नाकारत नाही. पण याच स्पेनचा इतिहास काय सांगतो? एप्रिल १९४१ मध्ये फ्रँको राजवटीने आदेश काढला की परदेशी चित्रपट स्पॅनिश भाषेतच दाखवले जावेत. सक्ती काही वर्षांनी सैल झाली, पण डबिंगची प्रथा रुजली. सेन्सॉर मंडळावर चर्चचा प्रतिनिधीही असे. मूळ आवाजच काढून टाकला की काय बदलले हे प्रेक्षकाला कळण्याचा मार्ग उरत नाही. सर्वांत प्रसिद्ध उदाहरण 'मोगॅम्बो' या १९५३ च्या हॉलिवूडपटाचे. त्यातील विवाहित स्त्री शिकाऱ्याच्या प्रेमात पडते. हे अनैतिक दिसू नये म्हणून स्पॅनिश आवृत्तीत ती आणि तिचा नवरा यांना बहीणभाऊ करून टाकण्यात आले. परिणाम असा की पतिपत्नीसारखी वागणारी बहीणभावंडे पडद्यावर आली. एक पाप झाकायला जाऊन त्याहून भयंकर पापाचा संशय निर्माण झाला!

तळच्या ओळींत अशी लबाडी पचणे कठीण. ओळ खोटी असली तर वरचा आवाज तिची चहाडी करतो. आमच्या ज्येष्ठ वाचकांना लॅटिन मिस्साचे दिवस आठवत असतील. डिसेंबर १९६३ मध्ये द्वितीय व्हॅटिकन परिषदेने उपासनाविषयक दस्तऐवज संमत केला आणि देशी भाषांना वेदीवर जागा मिळाली. तोपर्यंत ज्यांना परवडे ते एका बाजूस लॅटिन आणि दुसऱ्या बाजूस समजणारी भाषा छापलेले पुस्तक हाती धरून मिस्सा ऐकत. कान वेदीकडे, डोळे पानावर. ते सबटायटलच नव्हते काय? त्या रीतीत गैरसोय होती, आणि मातृभाषेतील मिस्सा हे वरदान आहे याविषयी आमच्या मनात शंका नाही. पण दोन्ही बाजू समोर असल्यामुळे वाचणाऱ्याला ताडून पाहता येत असे, हा गुण त्या पुस्तकांत होता.

हे ताडून पाहणे आम्ही मुद्दाम सांगत आहोत, कारण चित्रपटाचा गाभा तोच आहे. सांगितलेले मुकाट्याने मानावे की सदसद्विवेकबुद्धीशी ताडून पाहावे? डॉक्टर फेरेइरो हा वरवर कॅप्टनचा नोकर. छळाने पिंजलेल्या त्या बंडखोराने विनवणी केल्यावरून तो त्याला इंजेक्शन देऊन मरण देतो. (चर्चची शिकवण या कृत्याला मान्यता देत नाही, हे कुटुंबात चर्चा करताना सांगायला हवे.) आज्ञा का पाळली नाहीस, असे कॅप्टन विचारतो. विचार न करता केवळ आज्ञा म्हणून आज्ञा पाळणे तुमच्यासारख्यांनाच जमते, अशा आशयाचे उत्तर डॉक्टर शांतपणे देतो, पाठ फिरवून चालू लागतो आणि पाठीत गोळी झेलतो.

मात्र हा चित्रपट आज्ञाभंगाची सरसकट आरती ओवाळतो असे कोणी समजू नये. दुसऱ्या कामगिरीत ओफेलियाला ताकीद असते की मेजवानीच्या टेबलावरचे काहीही खायचे नाही. टेबलाच्या टोकाशी एक फिकट राक्षस निश्चल बसला आहे, कोपऱ्यात लहान मुलांच्या बुटांचा ढीग आहे. तरी ती दोन द्राक्षे तोंडात टाकते. राक्षस जागा होतो आणि तिच्या सोबतच्या तीन पऱ्यांपैकी दोघींना खाऊन टाकतो. एदेन बागेची आठवण येथे कोणाला होणार नाही? तिसऱ्या कामगिरीत फाउन तिच्या नवजात भावाच्या रक्ताचे थोडेसे थेंब मागतो. नुसती सुई टोचायची आहे, बदल्यात सारे राज्य. ती नकार देते, आणि त्याची किंमत म्हणून कॅप्टनच्या गोळीने मरते. दोन्ही वेळा आज्ञा मोडली गेली. पहिल्या वेळी स्वतःच्या भुकेसाठी, दुसऱ्या वेळी दुसऱ्याच्या जिवासाठी. हा फरक देल तोरो यांनी एकाही प्रवचनाशिवाय दाखवला आहे. न्यायसभेपुढे उभ्या असलेल्या प्रेषितांनी कोणाची आज्ञा मानावी याविषयी दिलेले उत्तर आमच्या वाचकांना येथे आठवेल.

चर्चचे जे चित्र येथे येते ते आपल्याला सुखावणारे नाही. कॅप्टनच्या मेजवानीत एक धर्मगुरू बसलेला आहे. लोकांना मिळणारे रेशन काटकसरीने पुरेल, असे तो स्वतःचे ताट भरता भरता म्हणतो. बंडखोरांच्या आत्म्यांची काळजी देवाने घेतलेलीच आहे, शरीरांचे काय व्हायचे ते होवो, असाही शेरा मारतो. दुसऱ्या एका प्रसंगी शिपाई रेशनचे पाव वाटताना प्रभूच्या प्रार्थनेतील रोजच्या भाकरीचे शब्द फ्रँकोच्या स्तुतीला जुंपतात. कॅप्टनचे टेबल आणि राक्षसाचे टेबल यांची रचनाही सारखीच आहे, यजमान टोकाशी आणि पाठीमागे पेटलेली शेगडी. राक्षसाचे डोळे त्याच्या तळहातांत बसतात, जिथे आपण पवित्र जखमा पाहतो. हा आघात दिग्दर्शकाने जाणूनबुजून केला आहे.

त्यावर रागावून टीव्ही बंद करणे सोपे आहे. इतिहास मात्र तेवढ्याने बदलत नाही. जुलै १९३७ मध्ये स्पेनच्या बहुसंख्य बिशपांनी संयुक्त पत्र काढून फ्रँकोच्या बाजूला आपले वजन टाकले, हे सत्य आहे. सही न करणारे थोडे होते, आणि त्यांत तारागोनाचे कार्डिनल होते, हेही सत्य आहे. सप्टेंबर १९७१ मध्ये माद्रिद येथे बिशप आणि धर्मगुरू यांच्या संयुक्त सभेपुढे, भावाभावांच्या त्या युद्धात आपण समेटाचे सेवक झालो नाही याबद्दल क्षमा मागणारा ठराव आला. त्याला बहुमत मिळाले, पण आवश्यक दोन-तृतीयांश मते मिळाली नाहीत.

चित्रपट जे दाखवत नाही तेही सांगितले पाहिजे. त्याच युद्धात प्रजासत्ताकाच्या प्रदेशात सुमारे ६,८०० बिशप, धर्मगुरू आणि व्रतस्थ स्त्रीपुरुष मारले गेले. त्यांतील अनेकांचा गुन्हा त्यांचा झगा एवढाच होता. देल तोरो यांच्या रानातले बंडखोर सगळेच उमदे, आणि त्यांच्या मेजवानीतला धर्मगुरू तेवढा खादाड. परीकथेला पांढरे आणि काळे रंग लागतात हे मान्य, पण निम्मी कथा ज्या इतिहासात घडते त्या इतिहासाला करडा रंगही हवा होता. हा या कृतीतला मोठा दोष आम्ही मानतो. कॅप्टन विदालचे पात्र सेर्जी लोपेस यांनी थरकाप उडवील असे उभे केले आहे, तरी त्याच्यात माणूसपणाचा एखादा कवडसा असता तर तो अधिक भयंकर वाटला असता. बापाच्या फुटलेल्या घड्याळाशी त्याचे जे नाते सूचित होते, तेवढाच त्याच्या मनात डोकावण्याचा झरोका.

त्याउलट ओफेलियाची भूमिका करणारी इवाना बाकेरो आणि मेर्सेदेस झालेल्या मारिबेल वेर्दू यांच्याविषयी तक्रारीला जागाच नाही. गर्भवती आईच्या खाटेखाली ओफेलिया दुधात बुडवून ठेवते ते माणसाच्या आकाराचे मुळ पाहा. इंग्रजी ओळ त्याला 'मँड्रेक' म्हणते आणि आपण कोरडे राहतो. 'उत्पत्ती'मधील राहेल आणि लेआ यांच्या कथेत मराठी बायबल याच वनस्पतीला 'पुत्रदात्री' म्हणते, हे आठवले की आईच्या पोटातल्या भावासाठी चाललेली मुलीची धडपड एका शब्दात उजळते. मराठी ओळींची मागणी आम्ही पुन्हा का करीत आहोत, हे यावरून कळावे.

पालकांना सावधगिरीची सूचना. परीकथा म्हणून लहान मुलांना हा चित्रपट दाखवू नये. यातील हिंसा थेट आणि निष्ठुर आहे. अमेरिकेत १७ वर्षांखालील मुलांना पालकांवाचून तो पाहण्याची परवानगी नव्हती. कॉलेजात जाणाऱ्या मुलामुलींसोबत मात्र अवश्य पाहावा आणि नंतर बोलावे. पाताळातले राज्य खरे की मरणाऱ्या मुलीचे स्वप्न, हा वाद घरोघर होईल. कॅप्टनला फाउन दिसत नाही, पण खडूने काढलेल्या दारातून मुलगी बंद खोलीबाहेर पडते, हे मुद्दे दोन्ही पक्षांना उपयोगी पडतील. आमच्या मते त्याहून मोलाचा प्रश्न असा, की आपण आपल्या मुलांना आज्ञाधारकपणा शिकवतो, तो शिकवलाच पाहिजे, पण नाही कधी म्हणावे हेही शिकवतो काय?

इंग्रजी डबिंग सापडले तरी ते लावू नये. घरात ज्याला वाचणे जमत नाही त्याच्यासाठी शेजारी बसून कोणीतरी हलक्या आवाजात मराठीत सांगत जावे. आपल्या तरुण अनुवादकांनी परभाषेतील चांगल्या चित्रपटांना मराठी ओळी द्याव्यात आणि धर्मग्रामातील युवक मंडळांनी ते सभागृहात दाखवावेत, अशी आमची विनंती आहे. स्पॅनिश शब्द आपल्याला येत नसले तरी शब्द विसरलेली अंगाई ऐकण्यासाठी ते यावे लागत नाहीत.